देशाच्या चिवटपणाचं प्रतीक? माझ्यासाठी काकांचा जुना ट्रॅक्टर

तुम्ही विचारलंय, देशाच्या चिवटपणाचं प्रतीक म्हणून एकच वस्तू निवडायची तर कोणती निवडाल? मी आमच्या काकांचा महिंद्राचा जुना बी-२७५ ट्रॅक्टर निवडेन. मुरबाड तालुक्यात, गावच्या घरामागे पत्र्याच्या शेडखाली तो उभा असतो. नोकरीमुळे मी ठाण्यात राहतो, पण आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, गावी असतोच.

याचा मूळ आराखडा अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा. महिंद्राने १९६३ मध्ये त्यांच्याशी भागीदारी केली आणि ट्रॅक्टर कांदिवलीत बनू लागला. आम्हा ठाणेकरांना घोडबंदर रस्ता संपला की पलीकडेच. तो काळ आठवा. १९६५ आणि ६६, लागोपाठ दोन दुष्काळ, आणि पोटाला अमेरिकेहून जहाजांनी येणारा पीएल-४८० चा, म्हणजे त्यांच्या अन्नमदत कायद्याखालचा गहू. शास्त्रीजींनी ‘जय जवान, जय किसान’ म्हटलं ते याच १९६५ साली. त्याच सुमारास दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत संपूर्ण देशी आराखड्याच्या ट्रॅक्टरवर काम सुरू झालं. १९७४ मध्ये तो पंजाबातून बाजारात आला, नाव ‘स्वराज’. ज्याने हे नाव सुचवलं त्याला माझा नमस्कार.

पण मला हे प्रतीक खरं वाटतं ते मुरबाडच्या एका लेथवाल्यामुळे. चार वर्षांपूर्वी ऐन चिखलणीत पुढच्या एक्सलच्या पिनचा बुश, म्हणजे पिनेभोवतीची धातूची नळी, पार झिजला, चाकं डगडगायला लागली. रोपं उपटलेली, मुठी बांधून बांधावर पडलेल्या, आणि बुश कुठल्याच दुकानात मिळेना. काकांनी जुना बुश फडक्यात गुंडाळला आणि आम्ही दोघं मोटारसायकलवर निघालो. लेथवाल्या दादांनी व्हर्नियरने पिन मोजली, गनमेटलचा तुकडा चकमध्ये धरला. पिवळा कीस पायाशी पडत राहिला. तासाभरात नवा बुश काकांच्या तळहातावर होता, अजून कोमट. संध्याकाळी ट्रॅक्टर पुन्हा चिखलात उतरला.

एवढ्या वर्षांत इंजिन दोनदा उतरलं, पिस्टन-लायनर बदलले, टायरांची तर मोजदाद नाही. डिझेल जास्त खातो, धूर करतो, हे मान्य. पण त्याच्या पोटात काय आहे हे आमच्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि टिकून राहणं म्हणजे मला तरी हेच वाटतं.

यंदा जूनमध्ये डिझेल संपून लाइनमध्ये हवा धरली. ती हवा काढायचं काम काकांनी माझ्या बारा वर्षांच्या पुतणीला दिलं. तिने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, हातपंप मारत राहिली. फेस आला, मग मोठे बुडबुडे, मग निव्वळ डिझेल. तिने स्क्रू आवळला, हात फ्रॉकला पुसले आणि ओरडली, “आजोबा, मारा सेल्फ!”