वाचक विचारतात: कबरस्थानातलं गवत, घोरपड आणि जुन्या पाट्या

ताई नमस्कार. आम्ही आठ-दहा पोरंपोरी रविवारी उपासना सुटली की चर्चमागच्या जुन्या कबरस्थानात साफसफाई करायलोत. गवत छातीएवढं झालंय, कबरी दिसतच नाहीत. कमिटीतले एक काका म्हणायलेत जेसीबी आणा, दिवसात मैदान मोकळं करू, दुसरे म्हणतात तणनाशक मारा. पण तिथं घोरपड हाय, चिंचेवर पिंगळे, म्हणजे बारकी घुबडं, हायत. काय करावं? (जालना)

जेसीबी नको, एवढं आधी ठरवून टाका. कबर म्हणजे नुसता वर दिसणारा चौथरा नाही बाबांनो, पायथ्याचा छोटा दगड असतो, कडेच्या विटा असतात, कुठं फक्त मातीचा उंचवटा असतो ज्याच्यावरचा लाकडी क्रूस कधीच कुजून गेला. बकेट फिरली की इंग्रज साहेबाचा संगमरवर वाचतो आणि ज्यांच्याकडं दगडाला पैसे नव्हते त्या आपल्याच माणसांच्या कबरी पहिल्या जातात. काकांना हे नीट सांगा, ते ऐकतील.

विळा घ्या. आधी एक पायवाट, मग प्रत्येक कबरीभोवती दोन-दोन हात, बस. बाकीचं गवत बी पडेपर्यंत उभं ठेवा, म्हणजे दसरा-दिवाळीपर्यंत, कारण त्याच बियांवर मुनिया ही छोटी पाखरं येतात आणि गवतात किडे असतात म्हणून पिंगळ्यालाही खायला मिळतं. नंतर अर्धं कापा, अर्धं पुढच्या वेळी, आणि कापलेलं बाहेर न्या, कुणाच्या तरी म्हशीला चालेल. पेटवू मात्र नका, जाळानं दगडाला तडे जातात आणि घोरपडीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. तणनाशक मारलं तर घोरपडीचं खाणंच, म्हणजे किडे-बेडूक, जातं.

अपवाद गाजर गवताचा. ते जुलैत, जमीन ओली असताना, फुलायच्या आत मुळासकट उपटा, हातमोजे घालून आणि तोंडाला रुमाल बांधून, कारण अंगाला खाज सुटते ती महिनोन्महिने जात नाही. वेडी बाभूळही हळूहळू काढा. रुई आणि तरवड राहू द्या, रुईच्या पानावर त्या केशरी फुलपाखराच्या अळ्या वाढतात. कबरीच्या सांध्यात पिंपळ उगवला असेल तर ओढायचा नाही, मुळासोबत अर्धा चौथरा येतो, बुडाशी कापा आणि परत फुटला की परत कापा. मोठं झाड तोडायचं असेल तर शहरात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानं नगरपालिकेची परवानगी लागते, ती आपल्या जागेतल्या झाडालाही लागते.

घोरपड १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ आहे त्याच यादीत, म्हणून तिला पकडून दुसरीकडं सोडायचा उत्साह नको. अडकली, जखमी झाली तर वनखात्याचा १९२६ नंबर लावा. पायात बूट, हातात काठी, आणि जवळच्या कोणत्या दवाखान्यात सापाची लस असते ते आधीच विचारून ठेवा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच लस चालते, त्यामुळं साप ओळखत बसायची किंवा मारून सोबत न्यायची गरज नसते. आणि पिंगळ्याच्या ढोलीचा फोटो कुठं टाकू नका, निदान दिवाळीच्या आधी तर नकोच, अमावस्येला जादूटोण्यासाठी घुबडं पकडून विकणारे लोक अजून आहेत.

आमच्याकडच्या कबरीवरच्या पाटीची अक्षरं वाचता येईनात. एकजण म्हणतो संडास धुवायचं ॲसिड टाका, चकाचक होईल, मग ऑइल पेंटनं अक्षरं रंगवू. (अंबाजोगाई)

देवाशपथ नको! संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड, ॲसिड पडलं की फेस येतो ना, तो फेस म्हणजे पाटीच विरघळते आहे. तारेचा ब्रश, घासणी, गाड्या धुवायचा प्रेशरचा पाइप, सगळं बाद. साधं पाणी, मऊ ब्रश, अक्षरातली माती काढायला बांबूची काडी. दगडावरचे करडे-पिवळे चट्टे म्हणजे दगडफूल, सजीव आहे ते, तसंच राहू द्या. काही पाट्यांत शिशाची अक्षरं ठोकलेली असतात, ती पडून नुसती भोकं उरतात, त्या भोकांवरूनही नाव लागतं.

वाचायला युक्ती आहे: सकाळचं तिरपं ऊन पाटीवर पडेल तेव्हा जा, नाहीतर संध्याकाळी टॉर्च पाटीला अगदी कडेनं चिकटवून धरा, दुपारी कोरी दिसणारी ओळ सावलीत उठून येते. मोबाइलवर फोटो काढा, तिथंच वहीत लिहून घ्या, न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या, अंदाजानं भरू नका. चौथऱ्याच्या फटी सिमेंटनं बुजवायच्या नाहीत, आत ओल कोंडते आणि दगड फुटतो, चुनाच वापरा, चुन्याचं काम येणारा जुना गवंडी शोधावा लागेल.

इथल्या इंग्रजांच्या कबरी बघितल्या तर बहुतेक विशी-पंचविशीतले आणि तान्ही लेकरं. लढाईत मेले का? (हिंगोली)

बहुतेक नाही. हिंगोली, औरंगाबाद आणि अंबाजोगाई (तेव्हाचं मोमिनाबाद), इथं हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या फौजेच्या, छावण्या होत्या, १९०३ मध्ये ते दल ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळलं. छावणीतलं मरण मुख्यतः कॉलरा, हगवण, ताप यांचं. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं कलकत्त्यात ओळखला तो १८८४ साली, आणि हिवताप डासातून येतो हे रोनाल्ड रॉस या इंग्रजी फौजेतल्या डॉक्टरला सापडलं १८९७ मध्ये, तेही निजामाच्याच राज्यात, सिकंदराबादला. त्याआधीच्या पाट्या बघा, एकाच आठवड्यात आई आणि लेकरू असं सापडतं.

नावं शोधायची असतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. जालन्याला बरीच वर्षं मद्रास आर्मीची, म्हणजे इंग्रजांच्या मद्रास इलाख्याची, फौज होती, म्हणून तिथल्या दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबईच्या नव्हे, मद्रासच्या गठ्ठ्यात असतात, आणि जालन्याचं स्पेलिंगही भलतंच, 'जौलना' असं. पण खरं सांगू, मला साहेबांपेक्षा आपल्या माणसांच्या नोंदींची काळजी जास्त आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तिथल्या पहिल्या कुटुंबांची आठवण लंडनमध्ये कोण ठेवणार? ती चर्चच्या कपाटातल्या दफन रजिस्टरमध्ये आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. आजी-आजोबांना खुर्ची घेऊन कबरस्थानात बसवा, कोण कुठं पुरलंय ते विचारा, रेकॉर्ड करा. हे काम गवताच्या आधी.

आम्ही ख्रिस्ती नाही, फक्त पक्षी बघायची आवड आहे. कुणी हरकत घेईल का? (परभणी)

न विचारता गेलात तर घेईल, आणि बरोबर घेईल. जागा कुणाची ते आधी बघा, कुठं चर्चच्या संस्थेची असते, कुठं नगरपालिकेची. पाळकसाहेबांना जाऊन भेटा, कमिटीला दोन ओळींचा अर्ज द्या, कोणत्या दिवशी येणार ते लिहा. दफनविधी असेल त्या दिवशी जायचं नाही. २ नोव्हेंबरला कॅथलिक लोक कबरींवर फुलं-मेणबत्त्या घेऊन येतात, त्याच्या आधीच्या आठवड्यात पायवाटा साफ करायला हात लावलात तर पुढच्या वेळी तेच फोन करतील. कबरीवर बसून डबा खाऊ नका, रील तर मुळीच नको.