अमेरिकेत गोठलेल्या तळ्यावर बसून लोक मासे गरवतात हे खरं का? आणि त्यावरून उत्तरेचे नि दक्षिणेचे लोक एकमेकांना चिडवतात, ते काय प्रकरण आहे?

खरं आहे, आणि चिडवाचिडवी तर पगारी वेळेत चालते. मी मिनियापोलिसला राहतो, मिनेसोटा राज्यात, म्हणजे अमेरिकेच्या नकाशात वर, कॅनडाला खेटून. आमच्या टीममध्ये एक जण ब्रेनर्डकडचा आहे, इथून गाडीने दोन-अडीच तास उत्तरेला. दुसरा ह्यूस्टनचा, टेक्ससमधला. तो तिथूनच काम करतो. सोमवारची मीटिंग या दोघांच्या हवामानाने सुरू होते आणि मॅनेजर घसा खाकरेपर्यंत चालते. मी मूळचा मालवणकडचा, त्यामुळे मासे या विषयात दोघंही मला निष्पक्ष तज्ज्ञ मानतात. मीही त्यांचा हा समज मोडायला गेलेलो नाही.

आधी हा उद्योग चालतो कसा ते सांगतो, म्हणजे पुढची टवाळी कळेल.

डिसेंबरात इथली तळी गोठतात. पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं, ते तळाशी जाऊन बसतं. बर्फ हलका, तो वर तरंगतो. त्यामुळे वर हवा उणे ३० असली तरी खाली मासे मजेत, फक्त जरा सुस्त. माणूस बर्फावर जातो, ऑगर म्हणजे कमरेएवढ्या उंचीचं गिरमिट घेऊन आठ-दहा इंच रुंद भोक पाडतो. फसफसून पाणी नि बर्फाचा चुरा वर येतो. तो चुरा झाऱ्याने काढत राहायचा, नाहीतर भोक बघता बघता पुन्हा गोठतं. मग बादली उपडी घालून तिच्यावर बसायचं. काठी जेमतेम दोन-अडीच फुटांची, कारण भोक पायाशीच आहे, लांब भिरकवायचंय कुठे? तंगूस खाली सोडायचा, गळाला जिवंत मिनो मासा नाहीतर अळी लावायची, तळापासून फूटभर वर धरून मनगटाने हलकेच उचल-सोड करायची. उन्हाळ्यात मिनेसोटात माणशी एकच गळ टाकता येतो, हिवाळ्यात बर्फावर दोन चालतात. उणे पंचवीसात बसणाऱ्यावर सरकारने एवढी दया दाखवलीय.

हा झाला बादलीवाल्यांचा प्रकार. बाकीचे चाकांचं घर गाडीला जोडून आणतात, तळ्यावर नेऊन बर्फावर टेकवतात. आत बंक, शेगडी, हीटर, टीव्ही, आणि जमिनीत झाकणं. झाकण उघडलं की खाली भोक. म्हणजे माणूस गादीवर पडून मॅच बघत मासा धरतो. मिल लॅक्स नावाचं तळं आहे, पाचशे चौरस किलोमीटरहून मोठं. चांगली थंडी पडली की त्याच्यावर अशी हजारो घरं उभी राहतात. काठचे रिसॉर्टवाले बर्फावरचे रस्ते साफ करतात, भेगांवर छोटे पूल टाकतात आणि आत सोडायचे पैसे घेतात. टोल कुठेच चुकत नाही. मार्चमध्ये सरकारने ठरवलेल्या तारखेआधी घर उचलून न्यावं लागतं, नाहीतर ते तळ्यात जाणार.

आता भांडण.

ह्यूस्टनवाल्याचं म्हणणं साधं असतं: "आमच्याकडे बर्फ ग्लासात ठेवतात. त्याच्यावर ट्रक चालवायची कधी गरज पडली नाही." ब्रेनर्डवाला म्हणतो, "तुमच्याकडे पाण्यात पाय घातला तर मगर वर येते. आमचं तळं निम्मं वर्ष झाकण लावून ठेवलेलं असतं, लहान पोरंसुद्धा त्याच्यावर खेळतात." इथे सरकारच्या नैसर्गिक संपत्ती खात्याचा एक तक्ता आहे: चालायला किमान ४ इंच स्वच्छ बर्फ, स्नोमोबिलला, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या स्कूटरला, ५ ते ७, लहान मोटारीला ९ ते १०, जड पिकअपला १६ ते १७, बर्फ पांढरा असेल तर जाडी दुप्पट हवी. ह्यूस्टनवाल्याने तो तक्ता पाठ केलाय. दर हिवाळ्यात एकच विचारतो: "९ इंचांना मोटार चालते हे कळलं, पण ८ इंचांना चालत नाही हे कुणी आणि कसं शोधलं?"

बरं, तो स्वतः कुठल्या गावचा? त्याच्या राज्यात नूडलिंग नावाचा प्रकार आहे. गढूळ नदीत उतरायचं, काठाखालच्या बिळात हात घालायचा, आत बसलेल्या मोठ्या कॅटफिशने तो हात तोंडात धरला की हातासकट मासा ओढून काढायचा. म्हणजे आमिष तुम्हीच. टेक्ससमध्ये हे २०११ पासून कायदेशीर आहे, आणि ते कायदेशीर व्हावं म्हणून माणसं झगडली होती. हे ऐकल्यावर ब्रेनर्डवाला बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "इंटरेस्टिंग." मिनेसोटात याहून मोठी शिवी नाही.

माझ्या मते सगळं भांडण इथेच आहे. उत्तरेचा माणूस प्रत्येक गोष्ट कमी करून सांगतो, दक्षिणेचा फुगवून. २ फेब्रुवारी १९९६ ला मिनेसोटातल्या टॉवर गावी पारा उणे ५१ सेल्सिअसला गेला, राज्याचा नीचांक, गव्हर्नरने राज्यभर शाळा बंद ठेवल्या. ब्रेनर्डवाल्याला विचारलं तर म्हणतो, "हो, जरा गार होतं." ह्यूस्टनवाला १५ अंशांना जाड जॅकेट घालून कॅमेऱ्यासमोर बसतो आणि आपण वाचणार नाही असं सांगतो. मासे किती मिळाले, हेही तसंच. ह्यूस्टनवाल्याचा मासा दर आठवड्याला चार बोटं वाढतो. ब्रेनर्डवाल्याच्या बादलीत कायद्याने चालतात तेवढे मासे असतात आणि तोंडाने म्हणतो, "एखाद-दुसरा." यात नम्रता कमी, हिशोब जास्त, खरं सांगितलं तर उद्या त्याच्या भोकाशेजारी दहा गिरमिटं सुरू होतील.

एका जानेवारीत कंपनीच्या कामासाठी ह्यूस्टनवाल्याला इकडे यावं लागलं. सोडतो कोण! आम्ही त्याला रात्री तळ्यावर नेलं. बर्फावर गाडी घालताना इथली रीत म्हणजे पट्टे सोडायचे, काचा खाली करायच्या, वेग अगदी कमी. बर्फ फुटलाच तर बाहेर पडता यावं म्हणून. हे कारण त्याला आम्ही गाडी आत घातल्यावर सांगितलं. घरात हीटर लावला, त्याला गळ दिला, आणि अर्ध्या तासाने तळ्याने आवाज केला. थंडी वाढली की बर्फ ताणतो-आवळतो, तडे जातात, आणि असा आवाज येतो की पायाखाली कुणी सुरुंग लावलाय. मग एक लांबलचक किंकाळी या काठापासून त्या काठापर्यंत सरकत जाते. आमच्या पाहुण्याने दोन्ही पाय उचलून बंकवर घेतले.

"चांगलं आहे," ब्रेनर्डवाला गळावरची नजर न काढता म्हणाला. "बर्फ वाढतोय."

"आमच्याकडे घर असा आवाज करायला लागलं तर आम्ही ते विकतो."

त्या रात्री मासा लागला तोही त्यालाच, आणि लागला तो ईलपाउट. नावावर जाऊ नका, बुळबुळीत, चपट्या डोक्याचा, हनुवटीला एकच मिशी, कॉडच्या कुळातला पण गोड्या पाण्यात राहणारा. भर हिवाळ्यात, बर्फाखाली अंडी घालतो, यावरून स्वभाव कळतो. वर काढला की शेपूट मनगटाला गुंडाळतो. त्याच्याही गुंडाळलं. लीच लेकच्या काठी वॉकर गावात १९७९ पासून वर्षानुवर्षं या माशाची जत्रा भरायची आणि तिथे त्याचा मुका घ्यायची पद्धत होती, ही माहिती ब्रेनर्डवाल्याने नेमकी त्याच क्षणी पुरवली. मुका झाला नाही. फोटो मात्र आहे, आणि तो टीमच्या ग्रुपवर अजून मधूनमधून उगवतो.

उत्तर नेहमी जिंकते असं समजू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये अप्पर रेड लेकवर बर्फाचा तुकडा काठापासून सुटला आणि सुमारे २०० लोक त्याच्यावर अडकून पडले. सगळे सुखरूप बाहेर काढले. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच तळ्यावर पुन्हा तेच, शंभरावर लोक. ह्यूस्टनवाल्याने दोन्ही बातम्या जपून ठेवल्यात. "पहिल्यांदा अपघात. दुसऱ्यांदा तर क्रूझच म्हणायची." त्यात २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सगळ्यात उबदार निघाला, धड बर्फच धरेना, आणि ब्रेनर्डवाला दोन महिने माणसात नव्हता. त्या दिवसांत मी त्याच्याशी फक्त कामाचं बोलत होतो.

उत्तरेचाही दारूगोळा कमी नाही. २८ जानेवारी २०१४ ला अटलांटात दोन-अडीच इंच बर्फ पडला आणि अख्खं शहर रस्त्यावर अडकलं. लोकांनी रात्र गाडीत काढली, मुलं शाळेत झोपली. इथे दोन-अडीच इंचांना आम्ही बर्फ म्हणत नाही. पण खरं सांगायचं तर यात दक्षिणेचा दोष फारसा नाही. आमच्याकडे बर्फ उपसणाऱ्या गाड्यांची फौज असते, मीठ टाकतात, चालवणाऱ्याला सवय असते. तिथे यातलं काही नाही, आणि सगळ्यांना एकाच वेळी घरी सोडलं. आणि फ्लोरिडा! जानेवारी २०२० मध्ये मायामीच्या हवामान खात्याने झाडांवरून इग्वाना पडू शकतात असा इशारा दिला होता. थंडीने हे मोठमोठे सरडे बधिर होतात, पकड सुटते, टपकतात. ऊन आलं की उठून चालू लागतात. ब्रेनर्डवाल्याच्या मते दक्षिणेतला थंडीला सगळ्यात समजूतदार प्रतिसाद हाच.

फेब्रुवारी २०२१ वर मात्र आमच्यात कुणी विनोद करत नाही. टेक्ससची वीज गेली, कडाक्याच्या थंडीत घरं अंधारात, अधिकृत आकड्यानुसार २४६ माणसं गेली. त्या आठवड्यात ब्रेनर्डवाला रोज ह्यूस्टनला फोन करून नळ थेंबथेंब चालू ठेव, सिंकखालची कपाटं उघडी ठेव, शेगडी घरात पेटवू नकोस, असं एकेक समजावत होता. लोकं एकमेकांना उगाच चिडवत नाहीत.

गंमत म्हणजे दोघंही आपापल्या हवेत राहतात कुठे? मिनियापोलिसच्या मध्यवस्तीत १९६२ पासून स्कायवे बांधले गेले, इमारतींना जोडणारे काचेचे बंद पूल, आज साधारण १५ किलोमीटरचे. हिवाळ्यात लोक त्यांतूनच फिरतात. ह्यूस्टनच्या मध्यवस्तीत रस्त्याच्या वीसेक फूट खाली सुमारे १० किलोमीटरचे बोगदे आहेत, एसी लावलेले. उन्हाळ्यात लोक त्यांत फिरतात. एक वरून पळतो, एक खालून. हे मी एकदा मीटिंगमध्ये मांडलं. दोघांनाही आवडलं नाही. मग मी ऑगस्ट २०२३ ला ह्यूस्टनचा पारा ४३ ला गेला त्याबद्दल सहानुभूती दाखवली आणि वर चंद्रपूरचा आकडा सांगितला. तेही आवडलं नाही.

तुम्हाला यायचंच असेल तर जानेवारीच्या शेवटी या. तेव्हा बर्फ बहुतेक भरवशाचा असतो, आणि ब्रेनर्डजवळ गल लेकवर मोठी स्पर्धा भरते, हजारो लोक एकाच तळ्यावर, प्रत्येक जण आपापल्या भोकात बघत. परवाना काढा, एका दिवसाचाही मिळतो. सुती कपडे अंगाला लागू देऊ नका, लोकर घाला. बंद घरात गॅस हीटर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना, ते आधी बघा, मग मासे. आणि कुणालाही "किती मिळाले?" विचारू नका.

खायला वॉलआय मागा. राज्यमासा आहे, पांढरा, गोडसर, काटा नावालाच. नॉर्दर्न पाइक स्वस्तात पदरात पडतो, पण त्याच्या मांसात इंग्रजी वायच्या आकाराचे काटे असतात, पापलेट खाणाऱ्याने नाद करू नये. मी वॉलआयला हळद, तिखट, आलं-लसूण आणि कोकमाचं आगळ लावून, रव्यात घोळवून तळतो. दोघांना एकदा घरी बोलावून वाढलं. दोघंही गप्प बसून खात होते, म्हणजे भांडण मिटलं असं मला वाटलं. तेवढ्यात ह्यूस्टनवाला म्हणाला, हा तर दक्षिणेचाच मासा झाला, आम्ही कॅटफिश मक्याच्या भरडीत असाच घोळवतो. ब्रेनर्डवाल्याने पुडा उचलून उलटसुलट वाचला आणि सांगितलं की रवा गव्हाचा असतो, आणि १८८० ते १९३० अशी पन्नास वर्षं जगातलं सगळ्यात मोठं पिठाच्या गिरण्यांचं शहर मिनियापोलिस होतं, तेव्हा हा विषय संपला.

संपलेला नाही. दोघांनीही निकाल माझ्यावर सोडलाय आणि मी तो राखून ठेवलाय, कारण तोवर मासे एक आणतो आणि तेल दुसरा.