साडेपाचची भूक

प्रश्न : मुलगा नववीत आहे. शाळा सुटल्यावर एसटीने घरी पोचेपर्यंत साडेपाच होतात. आम्ही दोघंही नोकरीला, सव्वासातशिवाय घरी येत नाही. सकाळी केलेली पोळी-भाजी तशीच राहते आणि बिस्किटांचा पुडा नाहीतर फरसाण संपतं. मग रात्री जेवण नको असतं. त्याला गॅस पेटवू द्यावा का?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : दुपारच्या डब्यानंतर साडेपाचपर्यंत पोटात काही नाही आणि वय वाढीचं. ही भूक चिवड्याच्या मुठीने भागणारी नाही, छोट्या जेवणाची आहे. गार, कडक झालेली पोळी पुड्यापुढे हरणारच. तेव्हा पुडा फडताळात वरच्या फळीवर जाऊ दे आणि 10 मिनिटांत होईल असं चवीचं काहीतरी हाताशी ठेवा.

दडप्या पोह्यांना गॅसही लागत नाही. सकाळी 2 चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता आणि एका मिरचीची फोडणी करून वाटीत झाकून ठेवा. तळलेले दाणे वेगळ्या डबीत. मुलाने आल्यावर एक छोटा कांदा बारीक चिरायचा, त्यात अर्धी वाटी ओलं खोबरं, अर्ध्या लिंबाचा रस, पाव चमचा मीठ, चमचाभर साखर आणि फोडणी घालून हाताने चुरायचं. कांद्याला पाणी सुटलं की 2 वाट्या पातळ पोहे कालवून, घट्ट दाबून 10 मिनिटं झाकायचे. कोरडे वाटले तर पाण्याचा हबका, बस्स. दाणे अगदी शेवटी. पोहे धुतले की लगदा होतो, जाडे घेतले तर दाताखाली टणक लागतात. पावसाळ्यात पातळ पोहे सादळून चिवट होतात, म्हणून मंद आचेवर 3-4 मिनिटं कोरडेच भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरलेत तर आतल्या वाफेने पुन्हा मऊ पडतील.

खवलेला नारळ फ्रिजमध्येच हवा, बाहेर दुपारपर्यंत आंबूस होतो. दिवसभर वीज गेली असेल तर त्या दिवशी खोबरं वगळून टोमॅटो घालू दे. सकाळचा भात ओट्यावर ठेवून ‘दही कालवून खा’ असं मात्र सांगू नका. बाहेर राहिलेल्या भातात जिवाणूंचं विष तयार होऊ शकतं, आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही.

उरलेल्या दिवशी 2 उकडलेली अंडी (सालीसकट, फ्रिजमध्ये), केळं, किंवा 3 चमचे सातूचं पीठ दुधात गूळ घालून.

गॅसचं म्हणाल तर नववीतल्या मुलाने शिकावाच, पण आधी 8-10 रविवार तुमच्या डोळ्यांदेखत. सुरुवात घावनाने करा : 1 वाटी तांदळाचं पीठ, पावणेदोन वाट्या पाणी, मीठ. पीठ तळाशी बसतं, म्हणून दर घावनाआधी ढवळायचं. नाहीतर पहिली पातळ आणि शेवटची भाकरीसारखी. तव्यावर पाण्याचा थेंब चुरचुरला की तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवायचा, मग कडेकडून आत पीठ ओतून झाकायचं. कडा आपणहून सुटेपर्यंत उलथणं लावायचं नाही. पहिलं घावन बहुधा चिकटतं, त्याला रागावू नका! एकट्याने तळण करायचं नाही, हा नियम पक्का. तेल पेटलंच तर पाणी न टाकता झाकण ठेवून गॅस बंद. गॅसचा वास आला तर विजेच्या बटणाला हात न लावता दारं-खिडक्या उघडून बाहेर, आणि तिथून 1906 ला फोन.

घरी पोचल्याचा फोन ठरलेल्या वेळी आला नाही तर शेजारच्या काकूंना विचारायचं. पावसात रेंज जाते, म्हणून दुसरी किल्लीही त्यांच्याकडेच, तुळशीच्या कुंडीखाली नको.

प्रश्न : मुलगी दहावीत, शाळेतून थेट क्लासला जाते. साडेसातपर्यंत दप्तरात टिकेल असं काय द्यावं?
– एक वाचक, देवगड

उत्तर : शेंगदाण्याचे लाडू. 1 वाटी दाण्यांचा कूट, पाऊण वाटी किसलेला गूळ, पाक नाही. दाणे साल सुटेपर्यंत भाजा. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. सलग फिरवला की तेल सुटून गोळा होतो. रोज 2 लाडू आणि मूठभर भाजके चणे. ओल्या नारळाचं मात्र दप्तरात काहीच देऊ नका.