लग्न ठरलंय आणि सोनोग्राफीत गाठ निघाली

"ताई, मनं लगीन ठरेल शे. आते काय करू?"

शिरपूरकडचा २६ वर्षांचा शेतकरी तरुण. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मोटारसायकलवरून पडल्यावर जांघेत दुखत होतं, म्हणून धुळ्यात सोनोग्राफी केली. मार किरकोळ होता, पण उजव्या गोळीत (वृषणात) ६ मिलिमीटरची गाठ दिसली. हाताला लागतही नव्हती. गाठ म्हणजे कॅन्सर, ऑपरेशन म्हणजे नामर्दपणा, मग लग्न मोडलंच, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

गोळीत हाताला लागणारी टणक गाठ अंगावर काढू नये. ती बहुतेकदा कॅन्सरचीच असते. पण अशी अचानक दिसलेली, सेंटिमीटरहून लहान गाठ पुष्कळदा साधी निघते. या कॅन्सरचा माग काढणाऱ्या, त्याच्या रक्तातल्या एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या तिन्ही तपासण्या नॉर्मल आल्या. तो लगेच सुटकेचा श्वास टाकायला निघाला, तिथे मला अडवावं लागलं. सेमिनोमा नावाच्या गोळीच्या कॅन्सरमध्येही त्या बऱ्याचदा नॉर्मल येतात.

युरोलॉजिस्टनी ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी सांगितली. गाठ वाढली तर जांघेतून चीर देऊन शक्यतो तेवढीच काढायची, पेशंट ऑपरेशन टेबलावर असतानाच ती तपासायची. गोळ्यांच्या पिशवीतून सुई घालून तुकडा काढायचा नाही. अगदी गोळी काढावी लागली, तरी दुसरी धडधाकट असेल तर पुरुषी हार्मोनला आणि बहुधा मूल व्हायलाही ती पुरते. शिवाय ऑपरेशनआधी वीर्य गोठवून ठेवता येतं. आणि कॅन्सर निघालाच, तर लवकर सापडलेला हा कॅन्सर जवळजवळ नेहमी बरा होतो.

मामांनी झाडपाल्याचा लेप सुचवला होता. लेप लावणाऱ्याला वाटतं उपचार चालू आहे, आणि तपासणीची तारीख निघून जाते. म्हणून मी लेपाला सरळ नाही म्हटलं.

मुलीला सांगायचं का, यावर आम्ही सर्वात जास्त बोललो. मी म्हटलं, सांग, पण रिपोर्ट हातात घेऊन. त्याने आधी थोरल्या भावाला सांगितलं, मग तिला. तिने पहिला प्रश्न विचारला तो पुढच्या तपासणीचा.

दुसऱ्या सोनोग्राफीत गाठ तेवढीच होती. तिसरीची तारीख नेमकी हळदीच्या दिवशी येत होती, ती दोन दिवस अलीकडे घेतली.