मुलीला शाळेतून परस्पर आणू नका, आधी भेटीचा अर्ज करा

पत्र थोडक्यात असं: «मी चिंचवडला राहतो. सात महिन्यांपूर्वी पत्नी आमच्या 4 वर्षांच्या मुलीला घेऊन कोल्हापूरला माहेरी गेली. ना भेटू देतात, ना फोनवर बोलू देतात. मुलगी तिथल्या बालवाडीत जाते. शाळा सुटताना तिला घेऊन आलो तर? बाप म्हणून पहिला हक्क माझाच ना? मी पैसे पाठवणंही थांबवलं आहे. – एक बाबा»

नमस्कार,

सात महिने लेकीचा आवाजही कानावर पडू नये, हे फार वाईट आहे. तरीही तिला शाळेतून उचलून आणायचा विचार आजच सोडून द्या. तशी आणलीत तर पत्नी उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा (मुलाला न्यायालयापुढे हजर करा, असा आदेश मागणारा) अर्ज करू शकते. मूल परत द्यावं लागलं, की ‘याच्याकडे पोर सोपवायला भीती वाटते’ हा मुद्दा पुढच्या प्रत्येक तारखेला निघतो. लेकीसाठीही ती ओढाताणच.

हक्काचं म्हणाल, तर 1956च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या कलम 6 नुसार नैसर्गिक पालक म्हणून आधी वडिलांचं नाव येतं. पण त्याच कलमात असंही आहे की 5 वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. गोव्यातल्या एका प्रकरणात 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत आईने आपली लायकी सिद्ध करायची नसते. तिच्याकडे मुलाचं हित नाही, हे विरोध करणाऱ्याने दाखवायचं असतं. आणि लेक पाच वर्षांची झाली की ताबा आपोआप तुमच्याकडे येईल, असंही नाही. कलम 13 प्रमाणे मुलाचं हित सर्वांत वर.

म्हणून आमचं मत: आज ताब्यासाठी सगळी ताकद लावू नका, भेटीसाठी लावा. दुरावा जितका लांबेल तितकी मुलगी तुम्हाला विसरेल, आणि मग ‘ती वडिलांकडे रुळणार नाही’ हे समोरच्यांचं म्हणणं खरं ठरेल.

अर्ज पुण्यात नाही, कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयात करायचा. 1890च्या पालक व पाल्य कायद्यात मूल जिथे सामान्यतः राहतं तिथलं न्यायालय धरतात. पुण्यात दावा टाकला तर हद्दीच्या वादातच कित्येक महिने जातात. याच कायद्याच्या कलम 7 आणि 25 खाली पालकत्वाचा व ताब्याचा मूळ अर्ज, आणि त्याच दिवशी कलम 12 खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, भेटीचा अर्ज द्या. घटस्फोटाचा दावा आधीच चालू असेल, तर त्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली मागणी करता येते.

मागणी पायरीपायरीने लिहा. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी 10 मिनिटं व्हिडिओ कॉल. दर शनिवारी दोन तास न्यायालयाच्या बालकक्षात किंवा दोघांना चालेल अशा ठिकाणी. ते सुरळीत झालं की दिवसभर बाहेर, मग एक रात्र मुक्काम, पुढे दिवाळीची आणि मेची निम्मी सुट्टी. नुसतं ‘भेट मिळावी’ असं लिहिलं, की वार, वेळ आणि जागा यांवरून पुन्हा भांडण.

पैसे थांबवलेत, ही मोठी चूक. बालवाडीची फी आणि मुलीचा खर्च या महिन्यापासून बँकेतून पाठवा, रोख नको. पत्नीला भेटीबद्दल शांत भाषेत लेखी मेसेज करा आणि मूळ मेसेज फोनमधून पुसू नका. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (नव्या पुरावा कायद्याच्या) कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. पत्नीच्या चारित्र्यावर पुराव्याशिवाय एक ओळही लिहू नका. असे आरोप करणाऱ्यावरच उलटतात.

कौटुंबिक न्यायालयातले समुपदेशक मुलीबद्दल विचारतील. तिच्या बाईंचं नाव काय, पाचव्या वर्षाचा डीपीटी लसीचा बूस्टर कधी द्यायचा, रात्री दचकून उठली तर कशाने शांत होते, तुम्ही कामावर असताना तिला कोण बघणार? तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. ‘माझी आई आहे घरी’ एवढं उत्तर पुरत नाही. ते तुमचं स्वतःचं हवं.

पहिल्या भेटीत ती कदाचित जवळ येणार नाही. उचलून घ्यायला धावू नका. जमिनीवर बसा, तिचं जुनं चित्रांचं पुस्तक उघडा आणि तिला हवं तेव्हा येऊ द्या. आजी-आत्यांना त्या दिवशी नेऊ नका, महागडं खेळणं नको, सतत मोबाइलवर शूटिंग नको. ‘आई माझ्याबद्दल काय म्हणते?’ हा प्रश्न तर कधीच नाही. वेळ संपली की स्वतः तिला आईच्या हातात द्या.

एखाद्या शनिवारी तिला आणलंच नाही, तर सासरच्या दारात जाऊ नका. ठरलेली पूर्ण वेळ थांबा, तुम्ही हजर होतात याची नोंद बालकक्षात किंवा समुपदेशकांकडे करून घ्या, आणि बुडालेली भेट भरून मिळावी असा अर्ज पुढच्या तारखेची वाट न पाहता वकिलांकडून द्या.