आधी पाणी बघ, मग खोली

नौपाडा, ठाणे

बाळा,
अनेक आशीर्वाद.

तू रात्री पाठवलेले बाराच्या बारा फोटो नीट पाहिले. प्रत्येकात समुद्र आहे, नारळ आहेत, एकात झोपाळाही आहे. टाकी मात्र एकाही फोटोत नाही. नळ नाही, पन्हाळ नाही, मोरी नाही. आणि खाली तू लिहिलंयस, "मावशी, काही सुचत नाहीये, मन एकदा इकडे, एकदा तिकडे." अंदमानात हॅवलॉक बेटावर नोकरीला जायचं तर (तिथली गावं नंबरांनी ओळखतात) पाच नंबरच्या किनाऱ्याजवळची कॉटेज घ्यावी, की तीन नंबरच्या बाजारामागची माडीवरची खोली, की हॉटेल देतंय त्या स्टाफ क्वार्टरमध्ये राहावं, यावर तुम्हा चौघांचा आठवडा गेला. अजून एक जाईल. कारण जे बघून ठरवायचं, तेवढंच सोडून बाकी सगळं तुम्ही बघताय.

जावं की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला आहे. काम आवडीचं आहे, सोबत चांगली आहे, जा. पण आधी पाणी बघ, मग खोली. भाडं, खिडकी, गादी, वायफाय हे सगळं त्यानंतर.

तू कोपरखैरण्यात वाढलीस. खालापूरजवळचं मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं, त्यामुळे नळ सोडला की पाणी येतं हे तुला सूर्य उगवण्याइतकं साहजिक वाटतं. घोडबंदर रोडवरच्या मुलीला मला हे पत्र लिहावं लागलं नसतं, तिनं टँकरची वाट पाहिलेली असते.

अंदमानात पाऊस कमी पडतो असं समजू नकोस. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पडतो. आपल्यासारखा चार महिन्यांत उरकतही नाही. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्येकडून सुरू होतो आणि ईशान्येकडच्या वाऱ्यांबरोबर डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. तरी टंचाई होते, कारण बेटं अरुंद आहेत, डोंगर उताराचे आहेत आणि नाले आखूड आहेत. डोंगरावर पडलेलं पाणी काही तासांत समुद्राला मिळतं, साठवायला जागाच थोडी. पोर्ट ब्लेअरची, म्हणजे २०२४पासूनच्या श्री विजयपुरमची, मुख्य भिस्त धनीखारी धरणावर आहे, आणि उन्हाळ्यात तिथेही रोज पाणी येईलच असं नाही. तुमचं हॅवलॉक (कागदोपत्री २०१८पासून स्वराज द्वीप) त्याहून लहान. झरे, नाले, विहिरी आणि पावसाचं साठवलेलं पाणी, एवढ्यावर भागवायचं.

आता यातला खरा पेच बघ. जानेवारी ते एप्रिल हे तिथले कोरडे महिने, आणि पर्यटकांची गर्दीही नेमकी त्याच महिन्यांत असते. पाणी सगळ्यात कमी तेव्हा माणसं सगळ्यात जास्त. हॉटेलात पहिलं पाणी पाहुण्याच्या शॉवरला, मग स्वयंपाकघराला, मग लाँड्रीला, आणि उरलं तर स्टाफ क्वार्टरला. यात कुणाचा दुष्टपणा नाही, धंदाच तसा आहे. म्हणून "राहणं-खाणं फुकट" या शब्दांवर भुलू नकोस. क्वार्टरची टाकी वेगळी आहे का, की पाहुण्यांच्याच टाकीवरून एक लाइन काढली आहे? एका मोरीमागे माणसं किती? मार्चमध्ये टँकर आला तर पैसे कोण देतं? पावसाळ्यात हॉटेल अर्धं रिकामं असताना पगार पूर्ण मिळतो की अर्धा, की घरी जायला सांगतात? ही चारही उत्तरं नेमणूकपत्रात किंवा निदान ईमेलमध्ये लेखी घे. फोनवर "हो हो, सगळं आहे" म्हणणाऱ्याला लिहून द्यायला सांगितलं की खरं काय ते आपोआप कळतं.

खोली बघायला जाल तेव्हा काय करायचं ते सांगते. सकाळी जा. तिथे घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य ठाण्याच्या सव्वा तास पुढे असतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. ऑफिस सुटल्यावर खोली बघायची ही इथली सवय तिथे उपयोगाची नाही. आधी मालकाला विचारू नकोस, शेजारच्या घरात भांडी घासत असलेल्या बाईला विचार. हिंदी बहुतेकांना येते. "पानी कब आता है, कितनी देर आता है, मार्च में कितना आता है?" तिसरा प्रश्न विसरू नकोस. नोव्हेंबरात बघितलेली खोली पाण्याच्या बाबतीत नेहमीच चांगली दिसते.

मग पाणी यायच्या वेळेला एक २० लिटरची बादली नळाखाली ठेव आणि मोबाइलवर वेळ लाव. दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला १० लिटर, म्हणजे तासाभरात ६००. पाच मिनिटं लागली तर तासाला जेमतेम २४०. त्याच नळावर आणखी दोन बिऱ्हाडं असतील तर त्याला तीनने भाग. हे गणित जागेवर कर, घरी येऊन नको.

त्यानंतर टाकीवर चढ, किंवा चौघांपैकी जो चढू शकेल त्याला चढव. झाकण उघडायला लाव. झाकणाला भेग आहे का, की वर वीट ठेवून भागवलंय? कडेला पाण्याच्या रेषेवर हिरवट बुळबुळीत पट्टा आहे का? हात कोपरापर्यंत घालून आतल्या भिंतीवरून बोट फिरव. तळाशी लालसर गाळ दिसला तर पावसात गढूळ पाणी थेट आत येतंय. फ्लोट व्हॉल्व्हचा, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणाऱ्या तोटीचा, दांडा वर-खाली करून बघ, खाऱ्या हवेत पितळी जोडाच्या आतली लोखंडी पिन गंजून अडकते. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर रात्रभर पाणी वाहून जातं, बंद अडकला तर नळाला पाणी आलं तरी टाकी कोरडी. मालक "उद्या झाकण उघडतो" म्हणाला तर दुसरी खोली बघ.

कॉटेजला विहीर आहे म्हणून तुम्ही खूश आहात. किनाऱ्यालगतच्या विहिरीची गोष्ट वेगळी असते. जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, भिंगाच्या आकाराचा एक थर. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जितकी, त्याच्या साधारण चाळीसपट खोल तो थर जातो. हाच हिशेब उलटा लाव. उपशामुळे वरची पातळी फूटभर कायमची उतरली, तर खालचं खारं पाणी चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकतं. शेजारच्या रिसॉर्टनं मोठा पंप बसवला की तुमची विहीर तुम्ही काही न करता मचूळ होते. म्हणून पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा एक साधा पेनासारखा टीडीएस मीटर बरोबर ने. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ही चांगली मर्यादा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. विहिरीचं माप भरतीला घे आणि ओहोटीलाही घे. दोन्हींत मोठा फरक पडला तर समुद्र आत यायला लागलाय. मीटर नसेल तर साबण लावून बघ, फेस होत नसेल तर केसही धुतले जाणार नाहीत आणि डाळही शिजणार नाही. यावर "आरओ लावू" असं तुझा मित्र म्हणेल. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर फेकतो. जिथे बादल्या मोजायच्या तिथे तो चालत नाही.

आता साठा. एका माणसाला काटकसरीनं दिवसाला ७५ लिटर धर. आंघोळी दोन, कारण घाम येतो, ३० लिटर. संडासाला १८, भांड्यांना ८, कपड्यांना १२, स्वयंपाक आणि पिण्याला ७. चौघांचे ३००. पाणी दोन दिवसांआड आलं तर ९०० लिटर लागणार. १००० लिटरची टाकी आणि २०० लिटरचे दोन निळे पिंप, असे १४०० तुमच्याकडे हवेत. मग एखादी पाळी चुकली तर ५०० उरतात. तेव्हा माणशी ४० वर आलात की आणखी तीन दिवस निघतात. यापेक्षा कमी साठ्याची खोली चौघांनी घेऊ नये, समुद्र कितीही जवळ असो. पिंप घेताना आधी त्यात काय होतं ते विचार, रसायनाचं पिंप धुऊन पिण्याचं होत नाही. आणि १००० लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते पत्र्याच्या छपरावर किंवा लाकडी माचीवर चढवू देऊ नकोस. तो सगळा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत धोक्याच्या क्षेत्रात मोडतो.

माडीवरच्या खोलीला पत्र्याचं छप्पर आहे, आणि मला ती खोली त्याचसाठी आवडली. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ४० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटरची एक सर पडली की ४००, गळती-उडती वजा जाता ३२० लिटर. तुमचा एका दिवसाचा खर्च जवळजवळ एका सरीत निघतो. फक्त पहिला मिलिमीटर टाकायचा, त्यात पक्ष्यांची विष्ठा, पानं, मीठ सगळं येतं. ते ४० लिटर होतात. लोक त्यासाठी चार इंची पाइपाचा उभा तुकडा लावतात, पण त्यात मीटरमागे आठच लिटर मावतात. म्हणजे पाच मीटर पाइप लागेल. त्यापेक्षा ५० लिटरचा वेगळा कॅन ठेवा, तो भरला की पाइप पिंपात वळवा. तोंडाला मच्छरदाणीचं कापड दुहेरी बांधा. छप्पर सिमेंटच्या जुन्या पत्र्याचं असेल तर ते पाणी पिऊ नका, धुण्याला वापरा.

पिण्याचं पाणी खळखळून उकळायचं, यात वाद नको. टाकीला टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) वापराल तर १००० लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम हे पुस्तकी माप आहे. मगभर पाण्यात कालवायची, चुना तळाला बसू द्यायचा, वरची निवळी ओतायची आणि तासभर थांबायचं. दमट हवेत पावडरीतला क्लोरीन उडून जातो, तेव्हा लहान पाकीट घ्या. उघडून महिना झालेली पावडर म्हणजे नुसता चुना.

साठवलेल्या पाण्याबरोबर डेंग्यू येतो, आणि इथे तुमच्यातला एक आळशी निघाला तर चौघंही आजारी पडता. आठवड्यातून एक दिवस पिंप पूर्ण रिकामं करून आतून घासायचं. नुसतं ओतून चालत नाही. डासाची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटवते, ती कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवडा. घासायची पाळी कुणाची, हे पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहा. भाड्याच्या वाटणीवरून मैत्री तुटत नाही, तुटते ती शेवटची बादली कुणी संपवली यावरून. पायाला जखम असेल तर चिखलातून अनवाणी जायचं नाही. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप, इथे ऐकलाच असशील, अंदमानातही तो जुना आहे. ताप आला तर "प्रवासाचा शीण" म्हणून अंगावर काढू नकोस.

बाकीचं भराभर सांगते. लोखंडी कुलूप नको, पितळी ने. चामड्याच्या चपला आणि पट्टा इथेच ठेव, बुरशी धरते. लॅपटॉप हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. खाडी म्हटलं की तुला ऐरोलीचे रोहित पक्षी आठवतात, तिथल्या खाडीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. इशाऱ्याचा फलक दिसला तर गुडघाभर पाण्यातही उतरायचं नाही. बोटी वाऱ्या-पावसात रद्द होतात, तेव्हा औषधं आणि रोख पैसे आठवडाभराचे हाताशी हवेत.

सखल जागेबद्दल मात्र थांबून सांगते, कारण कॉटेज सखल आहे. २६ डिसेंबर २००४च्या भूकंपात पोर्ट ब्लेअरच्या आसपासची जमीन सुमारे मीटरभर खचली. सिप्पीघाटची भातशेती भरतीच्या पाण्याखाली गेली. तिथे जाशील तेव्हा तो परिसर डोळ्यांनी बघून ये. खारं पाणी एकदा आत आलं की परत जात नाही, हे मी शंभरदा सांगण्यापेक्षा तेवढं बघणं पुरेल.

तुझ्या आईला वाटतं मी तुला घाबरवतेय. तुलाही वाटत असेल की मावशीला दुसरं काही दिसत नाही. नाही दिसत. पाण्याच्या कामात इतकी वर्षं गेली, आणि ज्यांना हे मोघम सांगितलं, आकड्यांत सांगितलं नाही, त्यांची चुटपुट अजून आहे. खोलीची खिडकी लहान असली तर माणूस बाहेर बसतो. पाण्यानं दगा दिला की आधी अंघोळ जाते, मग झोप, मग एकमेकांशी बोलणं, आणि शेवटी हातची नोकरी सोडून माणूस परत येतो. लोकांना सांगताना सांगतो, "तिथलं हवामान मानवलं नाही." म्हणून मी हा हट्ट सोडणार नाही, आणि तूही सोडू नकोस. तिघांनी कॉटेजच्या बाजूनं मत दिलं तरी चौथी म्हणून तू टाकीचंच बोल.

आज दुपारी दोन फोन कर. माडीवरच्या मालकिणीला सांग की टाकीचं झाकण उघडून आतला फोटो पाठवा, आणि पन्हाळीचाही एक. हॉटेलला ते चार प्रश्न लिहून पाठव. फोटो आले की मला दाखव, रात्री दहापर्यंत जागी आहे.

तुझी,
मावशी