लहान शहरे स्वस्त विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत लहान विमानतळांना सरकार पैसा कसा देते आणि तीन वर्षांनंतर तिथली विमाने बंद का पडतात?

यात दोन स्वतंत्र निधी आहेत, ते आधी वेगळे करायला हवेत. धावपट्टी, टर्मिनल यांसारखी कामे सरकार भांडवली खर्चातून करते. विमान कंपनीला मिळते ती व्यवहार्यता तूट भरपाई. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत कंपनीने काही ठरावीक जागा सवलतीच्या भाड्यात विकायच्या असतात (सुरुवातीला साधारण तासाभराच्या प्रवासासाठी २,५०० रुपयांची मर्यादा होती) आणि त्यामुळे येणारी तूट भरून दिली जाते. बहुतेक राज्यांत हा भार केंद्र ८० टक्के व राज्य २० टक्के उचलते. केंद्राचा वाटा मुख्यतः मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर लावलेल्या शुल्कातून येतो, म्हणजे मुंबई-दिल्ली प्रवास करणारा प्रवासीच नांदेड किंवा जळगावच्या तिकिटाला हातभार लावतो. राज्य सरकारने विमान इंधनावरील मूल्यवर्धित कर १ टक्क्यापर्यंत खाली आणणे आणि सुरक्षा व अग्निशमन सेवा मोफत पुरवणेही अपेक्षित असते.

भरपाईची मुदत मात्र तीनच वर्षांची; त्यानंतर तूट कंपनीलाच सोसावी लागते. २०२३ च्या कॅगच्या (देशाच्या महालेखापरीक्षकांच्या) अहवालानुसार कंपन्यांना दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, त्यांतील ११२ मार्गांनीच तीन वर्षे पूर्ण केली आणि पुढे ५४ टिकले. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या सिंधुदुर्गातील चिपी विमानतळावरची मुंबई सेवाही २०२४ मध्ये ही मुदत संपताच थांबली. माझ्या मते सर्व मार्गांना एकच मुदत लावणे चुकीचे आहे. जिथे प्रवासी हळूहळू वाढत आहेत, तिथे भरपाई टप्प्याटप्प्याने कमी करावी.